पापणीच्या काठावर

कळंबोलीत राहणाऱ्या माणसाला पत्ता सांगायची सवय लागते. पुण्याकडे जाणारा द्रुतगती महामार्ग इथून सुरू होतो, शीव-पनवेल रस्ता इथेच येऊन मिळतो, आणि लोखंड बाजाराचे ट्रेलर व एसटीतून उतरलेली माणसे एकाच सर्कलवर गोंधळून उभी राहतात. त्यांतली पुष्कळ माणसे डोळ्यांच्या दवाखान्याची वाट विचारतात. पनवेलात डॉ. सुहास हळदीपूरकरांनी उभे केलेले लक्ष्मी नेत्ररुग्णालय आहे, नवीन पनवेलला शंकरा नेत्ररुग्णालय आहे, खुद्द कळंबोलीत आणि शेजारच्या कामोठ्यात एमजीएम आहे. रायगडातल्या म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू बहुतकरून याच परिसरात निघतात. त्यामुळे डोळ्यावर हिरवी पट्टी आणि वर काळा चष्मा हे दृश्य आम्हांला नवे नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी सर्कलवर मला पत्ता विचारला तो मात्र एका तरुण बाईने. पेणच्या पलीकडच्या कुठल्या वाडीवरून आली होती. बरोबर सासू, कडेवर तीन-साडेतीन महिन्यांची मुलगी. मुलीच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या दुधाच्या थेंबासारख्या पांढऱ्या. ती पत्ता विचारत होती तो दवाखान्याचा नव्हे, परतीच्या गाडीचा. दवाखान्यातून दुसऱ्यांदा परत पाठवले होते. मुलीला सर्दी होती, एका डोळ्यातून पाणीही गळत होते. “आठ दिवसांनी या म्हणाले. भाऊ, सर्दी नाकाला झालीय. तिचा डोळ्याशी काय संबंध?”

मी डॉक्टर नव्हे. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. नियतकालिके बांधून घेणे, जुने अंक शोधून देणे हे काम. तिला काहीतरी सांगितले आणि गाडीत बसवून दिले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. नंतर शोधत गेलो तेव्हा लक्षात आले की तिच्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राला मिळायलाही अडीच हजार नाही तरी दोन-अडीचशे वर्षे लागली आहेत, आणि लहान मुलांपुरते ते मिळाले त्याला अजून चाळीस वर्षेही झालेली नाहीत.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हटली की आपल्याकडे सुश्रुतापासून सुरुवात होते. अभिमानाने होते, आणि पुढचे कुणी वाचत नाही. उत्तरतंत्रातल्या त्या अध्यायात जवाच्या टोकासारख्या शलाकेने डोळ्याच्या बाजूला छिद्र पाडून आड आलेला दोष दूर सारण्याची कृती आहे. मला त्यात शलाकेपेक्षा नंतरच्या सूचना मोलाच्या वाटतात. वेध झाल्यावर डोळ्यावर स्त्रीच्या दुधाचा शिडकावा करावा. तुपाने भिजवलेली पट्टी बांधावी. आणि रुग्णाने ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे हे काही काळ टाळावे. शिंक तेव्हापासून पथ्यात आहे! अर्थात सुश्रुताच्या मनात शिंकेचा धक्का होता, शिंकेतले जंतू नव्हते. आणि दुधाचा शिडकावा आजही आपल्या घराघरांत चालू आहे, ती गोष्ट पुढे येईलच.

या पद्धतीत मोतीबिंदू बाहेर काढत नसत. गढूळ झालेले भिंग सुईने मागे ढकलून बाहुलीची वाट मोकळी करत. छिद्र सुईएवढे. तरीही डोळे जात. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात अनेक वर्षे काम केलेल्या रॉबर्ट हेन्री इलियट या शल्यवैद्याने १९१७ साली यावर एक अख्खे पुस्तक लिहिले. गावोगाव फिरणारे सुईवाले वैद्य काम करून, पैसे आणि दुवा घेऊन निघून जात. डोळ्यात पू झाला की रुग्ण इलियटकडे येई. त्याच्या लिखाणात साहेबी तुच्छता आहे, ती खटकतेही. पण एक मुद्दा त्याने नेमका पकडला होता. सुईवाल्याला आपले अपयश कधी दिसतच नसे. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांनी काय झाले हे पाहायला तो त्या गावात नसे.

अपयश लिहून ठेवायची सवय ज्यांना लागली त्यांत एक मराठी राजाही होता. तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले यांची गादी १७९८ ते १८३२. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या धन्वंतरी महालात रुग्ण तपासले जात आणि नेत्ररुग्णांची नोंदपत्रे ठेवली जात. १८२० च्या दशकातली अशी पत्रे तंजावरला जपलेली आहेत, आणि त्यांच्यासोबत डोळ्यांची हाताने रंगवलेली चित्रेही आहेत. मोतीबिंदू, सूज, लाली सगळे चितारलेले. छायाचित्र यायच्या आधीच्या काळात एका राजाने रोग्याचा डोळा चितारून ठेवायला चित्रकार बसवावा, हे मला त्याच्या कवितेहून थोर वाटते. चित्र असले की उद्याचा डोळा कालच्या डोळ्याशी ताडून पाहता येतो. डोळ्यातला जंतुसंसर्ग ओळखायची पहिली रीत आजही तीच आहे.

मुलांचा मोतीबिंदू मात्र या सगळ्यात कुठे फारसा दिसत नाही. तो इतिहासात शिरतो तत्त्वज्ञानाच्या दारातून. १७२८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम चेसेल्डन या शल्यवैद्याने तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मुलगा लहानपणापासून मोतीबिंदूने आंधळा होता. सुईने भिंग सारल्यावर त्याला दिसू लागले, पण कळू लागले नाही. समोरच्या वस्तू डोळ्यांना टेकल्याच आहेत असे त्याला वाटे. जवळ-लांब, गोल-चौकोनी हे हाताने चाचपल्याशिवाय उमगेना. जन्मांधाला दृष्टी आली तर तो नुसत्या नजरेने गोल आणि घन ओळखेल का, हा प्रश्न तेव्हाचे तत्त्वज्ञ चघळत होते, त्यांना ही हकीकत आयतीच सापडली. तिच्यातला दुसरा अर्थ कळायला अजून सव्वादोनशे वर्षे जायची होती. मुलाचे ऑपरेशन उशिरा झाले होते.

१७४७ मध्ये झाक दाव्हिएल या फ्रेंच वैद्याने भिंग ढकलण्याऐवजी डोळा अर्धवर्तुळाकार चिरून ते बाहेरच काढले, आणि आधुनिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया सुरू झाली. निकाल चांगले लागू लागले. पण जखम मोठी झाली होती, आणि मोठी जखम म्हणजे उघडे दार. धुतलेल्या-न धुतलेल्या हातांचा तो काळ. डोळ्यात पू भरून दृष्टी जाणे हा व्यवसायातला नेहमीचा धोका समजला जाई. हवा वाईट होती, रुग्णाची प्रकृती उष्ण होती, ही कारणे तिकडेही सांगितली जात.

मुलांच्या बाबतीत इथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. लंडनला १८०५ मध्ये पुढे मूरफील्ड्स म्हणून गाजलेला नेत्रदवाखाना काढणारा जॉन कनिंगहॅम सॉन्डर्स जन्मजात मोतीबिंदूच्या मुलांवर वेगळ्या रीतीने शस्त्रक्रिया करी. बेलाडोना घालून बाहुली मोठी करायची, बारीक सुईने भिंगाची पुढची पिशवी फोडायची आणि थांबायचे. मुलाचे भिंग मऊ असते. ते हळूहळू आपोआप विरघळून जाते. भूल नव्हती, मूल चार जणांनी धरून ठेवायचे. त्याचे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १८११ मध्ये प्रसिद्ध झाले. जंतू हा शब्दही ठाऊक नसताना त्याने मुलांसाठी लहानात लहान जखमेची पद्धत धरली होती. सुईचे हे तंत्र, थोड्या फेरफाराने, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले. त्यात एकाच डोळ्यात पुन:पुन्हा सुई घालावी लागे, हा त्याचा तोटा.

१८६५ मध्ये लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमा धुवायला सुरुवात केली आणि शल्यक्रियेचे जग पालटले. डोळ्याला ते सोसणारे नव्हते. तरी हत्यारे उकळणे, हात घासणे, स्वच्छ पट्टी हे सगळे आले आणि पू खूपच कमी झाला. इथून पुढे शंभर वर्षे वैद्यकाची अशी पक्की समजूत राहिली की डोळ्यात शिरणारा जंतू बाहेरून येतो, डॉक्टरच्या हातावरून, हत्यारावरून, पाण्यातून.

ही समजूत खोटी नव्हती. आपल्या देशात तर तिचे पुरावे अधूनमधून हृदय पिळवटून टाकतात. मोतीबिंदूची शिबिरे ही भारताची मोठी कामगिरी. डॉ. एम. सी. मोदी यांनी १९४३ पासून गावोगाव शिबिरे घेतली, एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याची त्यांची नोंद गिनेस बुकात गेली. शाळेच्या वर्गात बाके जोडून टेबल, बाहेर चुलीवर हत्यारे उकळताहेत, हे चित्र आमच्या पिढीने पाहिलेले आहे. लाखो लोकांना त्याने दिसू लागले. आणि कधीतरी एखाद्या शिबिरात सलाइनची एक बाटली दूषित निघे व एका रांगेत झोपलेल्या सगळ्यांचे डोळे जात. मराठी वाचकांना घुमान हे गाव नामदेवांमुळे आणि एप्रिल २०१५ च्या साहित्य संमेलनामुळे ठाऊक आहे. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, घुमानच्याच शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या कित्येक वृद्धांची दृष्टी गेली होती. संमेलनाच्या गर्दीत त्याची आठवण कुणाला झाली असेल असे वाटत नाही. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प सुरू झाला. त्या काळापासून धोरण बदलत गेले आणि शिबिरात फक्त तपासणी, शस्त्रक्रिया रुग्णालयातच अशी रीत पडली, तिच्यामागे हेच दु:ख आहे.

पण अशी सामूहिक दुर्घटना बातमी होते म्हणून आपल्याला तेवढीच दिसते. ज्याची बातमी होत नाही तो एकटा-दुकटा रुग्ण: हत्यारे शुद्ध, पाणी शुद्ध, त्याच दिवशीचे बाकी सगळे ठणठणीत, आणि एकाच डोळ्यात पू. तो कुठून आला?

याचे नि:संदिग्ध उत्तर १९९१ चे आहे. न्यूयॉर्कमध्ये मार्क स्पीकर आणि सहकाऱ्यांनी अशा सतरा रुग्णांच्या डोळ्याच्या आतले जंतू घेतले, आणि त्यांच्याच पापण्यांवरचे, डोळ्याच्या पांढऱ्या पडद्यावरचे, नाकातले जंतू घेतले. जंतूंची आनुवंशिक ओळख पटवून दोन्हींची तुलना केली. सतरापैकी चौदांच्या बाबतीत आतला आणि बाहेरचा जंतू एकच निघाला. घरफोडीचा तपास करताना चोर घरातलाच निघावा तसे झाले. त्याच वर्षी त्याच गटाने दुसरे काम प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेच्या आधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीनचे पाच टक्क्यांचे द्रावण घातले तर जंतुसंसर्गाचे प्रमाण सुमारे चौथाईवर येते. हजारांत दोन-अडीच रुग्णांऐवजी दहा हजारांत सहा. शस्त्रक्रियेआधी डोळ्याभोवती फासतात तो तपकिरी रंग तो हाच. थेंबाची किंमत जवळजवळ नगण्य.

या थेंबाची आणखी एक हकीकत सांगायला हवी, कारण ती मुलांपासून सुरू होते. डोळ्यात घालता येईल असे आयोडीनचे द्रावण १९८० च्या दशकात सिद्ध केले ते लॉस एंजेलिसच्या लेनर्ड ॲप्ट आणि शर्विन आयझेनबर्ग यांनी. ॲप्ट मूळचे बालरोगतज्ज्ञ, नंतर नेत्रतज्ज्ञ झाले. याच जोडीने पुढे केनियात नवजात बाळांच्या डोळ्यांत हाच थेंब घालून जन्माच्या वेळी होणारा संसर्ग आटोक्यात येतो हे दाखवले. बालरोगतज्ज्ञाची नजर डोळ्याला मिळाली की काय होते त्याचे हे उदाहरण.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो.

मुलांमध्ये मोतीबिंदूच थोडे, आणि त्यांत पू होणारे त्याहून थोडे. एका डॉक्टरला अख्ख्या कारकीर्दीत एखादा रुग्ण दिसायचा. जे क्वचित घडते त्याचे नियम कुणाला सापडत नाहीत. म्हणून १९९२ मध्ये अमेरिकेत व्हीलर, स्टेगर आणि वीकली या तिघांनी वेगवेगळ्या शल्यवैद्यांकडे विचारपूस करून अशी सतरा मुले एकत्र मोजली. मोतीबिंदू किंवा जन्मजात काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात संसर्ग झालेली. प्रमाण आले दहा हजारांत सुमारे सात, म्हणजे मोठ्यांइतकेच. पण तपशील निराळा होता. या मुलांपैकी अनेकांना शस्त्रक्रियेच्या वेळी सर्दी-खोकला होता, किंवा डोळ्यातून नाकाकडे जाणारी अश्रुनलिका तुंबलेली होती. आणि संसर्ग झालेल्या बहुतेक मुलांची दृष्टी वाचली नाही.

शरीररचना पाहिली तर यात नवल नाही. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. रडताना नाक गळते ते तिच्यामुळे. पुष्कळ बाळांमध्ये जन्मताना नळीचे खालचे टोक पडद्याने बंद असते. पाणी साचते, जंतू वाढतात, कोपरा दाबला की पिवळट स्राव वर येतो. बहुतेकांची नळी वर्षभरात आपोआप उघडते. क्रिग्लर नावाच्या डॉक्टरने १९२३ मध्ये सांगितलेला बोटाने चोळण्याचा उपाय आजही आयांना शिकवतात. मोठ्या माणसाची नळी शस्त्रक्रियेआधी पिचकारीने पाणी सोडून तपासता येते. शिबिरांतही ही तपासणी चुकवत नसत. तान्ह्या मुलाला ते भूल दिल्याशिवाय करता येत नाही. मग डॉक्टर कोपऱ्यावर बोट दाबून पाहतो. पेणकडच्या त्या मुलीच्या गळणाऱ्या डोळ्यात त्याने बहुधा हेच पाहिले असणार. सर्दीचे कारण दुहेरी: घशा-नाकातले स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकससारखे जंतू तेव्हा जोरात असतात, आणि सर्दी असताना तान्ह्याला पूर्ण भूल देणेही धोक्याचे.

मोठ्यांच्या शस्त्रक्रियेत संसर्गाची जी कारणे सांगतात त्यांत एक ठळक आहे. भिंगाची मागची पिशवी चुकून फाटणे. ही पिशवी म्हणजे डोळ्याचा पुढचा आणि मागचा भाग यांच्यामधला पडदा. मागे जेलीसारखा द्रव असतो, त्याला डॉक्टर व्हिट्रियस म्हणतात; जंतू तिथे पोचले की त्यांना खायला-प्यायला भरपूर आणि शरीराचे पहारेकरी मात्र पोचत नाहीत. म्हणून मागची पिशवी फाटली की शल्यवैद्याच्या कपाळावर आठी पडते. आणि लहान मुलांत? तिथे शल्यवैद्य ती पिशवी स्वत:च्या हाताने कापतो. कारण ती तशीच ठेवली तर मुलाच्या डोळ्यात काही महिन्यांत ती पुन्हा पांढरी होते आणि सगळे मुसळ केरात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मॅकेमर यांनी व्हिट्रियस कापण्याचे यंत्र काढले होते. १९८३ मध्ये मार्शल पार्क्स यांनी त्याच वेळी मागची पिशवी आणि थोडा व्हिट्रियस काढून टाकण्याची रीत मांडली आणि बालमोतीबिंदूचे निकाल एकदम सुधारले. मोठ्याच्या डोळ्यात जो अपघात, तोच लहानाच्या डोळ्यात उपचार. दार मुद्दाम उघडायचे आणि चोर येऊ नये म्हणून बाकीच्या सगळ्या खिडक्या दुप्पट काळजीने लावायच्या.

खिडक्यांचेही तसेच. मोठ्यांच्या डोळ्याला आजकाल टाका लागत नाही. जखम आपल्या दाबाने मिटते. मुलाच्या डोळ्याचे कवच मऊ, लवचीक. चीर नीट मिटत नाही, आणि मूल मुठीने डोळा चोळते. म्हणून केसाहून बारीक टाका घालावाच लागतो. तो टाका सैल झाला, त्याला चिकट स्राव अडकला, तर तोच जंतूंची वात होतो, दिव्यातल्या वातीसारखी ओल आत ओढणारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असेल आणि मूल फार नाजूक असेल तर दोनदा भूल देण्याऐवजी एकाच दिवशी दोन्ही डोळे करावेत का, हा वाद अजून मिटलेला नाही. करायचे ठरले तर मधे सगळे बदलतात: हत्यारे, हातमोजे, औषधांच्या बाटल्या, जणू दुसराच रुग्ण टेबलावर आला आहे.

मग इतका धोका आहे तर थांबावे, मूल मोठे होऊ द्यावे. पूर्वी तसेच करत. १९६० च्या दशकात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा जन्मानंतर काही आठवडे बंद ठेवला. नंतर डोळा उघडला तरी मेंदूने त्याच्याकडे पाठ फिरवलेली होती. चेसेल्डनच्या मुलाचे कोडे इथे उलगडले. या कामाला १९८१ चे नोबेल मिळाले. माणसाच्या बाळात हिशोब असा निघाला की एका डोळ्याचा दाट मोतीबिंदू सुमारे सहा आठवड्यांच्या आत काढावा, दोन्ही डोळ्यांचा असेल तर आठ-दहा आठवड्यांच्या आत. त्यानंतरचा प्रत्येक आठवडा दृष्टीतून वजा होतो.

म्हणजे बाळाच्या खाटेशेजारी दोन घड्याळे चालू असतात. एक सांगते घाई कर, मेंदू थांबणार नाही. दुसरे सांगते थांब, नाक वाहते आहे, कोपऱ्यात पू आहे. “आठ दिवसांनी या” हे वाक्य या दोहोंच्या मधे उभे राहून बोललेले असते. सर्कलवरच्या त्या बाईला ते हाकलून देणे वाटले. तिचे तरी काय चुकले? कुणी तिला घड्याळे दाखवली नव्हती.

औषधांची बाजू थोडक्यात. २००७ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या सोळा हजारांवर रुग्णांवरच्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यातच प्रतिजैविक सोडल्याने संसर्ग सुमारे पाचपटीने घटला. आपल्याकडे मदुरैच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने २०१७ मध्ये सहा लाखांवर शस्त्रक्रियांचा हिशोब मांडला: मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचा असा डोस दिल्यावर प्रमाण दहा हजारांत सातावरून दोनावर आले. मोठी गोष्ट आहे. पण हे आकडे बहुतांशी मोठ्या माणसांचे. इतक्या बाळांवर असा अभ्यास होणे अवघडच, त्यामुळे बालनेत्रतज्ज्ञ मोठ्यांच्या आकड्यांवरून मुलांचे अंदाज बांधतात.

महाराष्ट्रात मुलांच्या मोतीबिंदूचा नेटका मागोवा घेतला गेला तो मिरजेत. वानलेस यांच्या मिशन रुग्णालयापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव. तिथल्या लायन्स नॅब नेत्ररुग्णालयात २००४ ते २००८ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी काही वर्षांनी पुन्हा शोधून तपासले. इलियटचा सुईवाला जे कधी करत नसे, ते यांनी केले. मुलांचा मागोवा घ्यायचा म्हणजे पत्ते शोधा, उसाच्या फडावर गेलेली कुटुंबे परत यायची वाट पाहा, रोजगार बुडवून येणाऱ्या बापाला भाड्याचे पैसे द्या. नुसत्या शस्त्रक्रियेला अनुदान मिळते, या कामाला मिळणे कठीण.

उशीर कमी करायची एक सरकारी वाटही इथूनच निघाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. अंगणवाडी आणि शाळेत जाऊन मुले तपासायची, त्यात जन्मजात मोतीबिंदूही आला. आणि २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची लसमोहीम सुरू झाली. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू होतो हे सिडनीच्या नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच ओळखले होते. अशा बाळाच्या भिंगात विषाणू बराच काळ जिवंत राहू शकतो आणि शस्त्रक्रियेनंतर डोळा फार सुजतो. ती सूज विषाणूची की पुवाची, हे ठरवताना अनुभवी डॉक्टरचीही परीक्षा होते.

शेवटची लढाई घरी. आणि इथे आपल्या रीतीभाती आड येतात. बाळंतिणीच्या खोलीत ओव्या-शेपांची धुरी, टाळूवर तेल, डोक्यावरून कढत पाण्याची आंघोळ, डोळ्यांत बोटाने काजळ, डोळा आला की आईचे दूध. अंघोळ घालणाऱ्या बाईला या मुलीच्या डोळ्यावर कालच टाका घातला आहे हे सांगूनही तिचा हात थांबत नाही. चाळीस वर्षांची सवय असते. मोठा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी “ठणकतंय, धूसर दिसतंय” म्हणतो आणि रिक्षा करून दवाखाना गाठतो. बाळ रडते. ते भुकेनेही रडते. पापणी सुजली, उजेडाकडे डोळा उघडेना, बुबुळाखाली पांढरी रेघ साचली, तर तासांचा प्रश्न असतो. डोळ्याच्या आत प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावे लागते, तेही पूर्ण भूल देऊन. घरात मात्र “डोळे आलेत” म्हणून दोन दिवस जातात. वाचलेल्या जुन्या कागदांत जिथे जिथे मुलाचा डोळा गेला, तिथे बहुतेक वेळा हे दोन दिवस सापडतात.

गेल्या वर्षी गणपतीनंतर ती बाई मला परत दिसली. तिने ओळखले, मी नाही. मुलगी चालू लागली होती, नाकावर इलॅस्टिकने बांधलेला जाड भिंगांचा चष्मा. तिसऱ्या खेपेला ऑपरेशन झाले म्हणाली, आधी महिनाभर कोपरा चोळायला लावला होता. उजव्या डोळ्याने चांगले दिसते, डाव्याने कमी. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावून ठेवायची, पण मुलगी ओढून काढते. “सासूबाई तेव्हा घरी चुली पेटवायच्या नाहीत आमच्या खोलीत. धूर नको म्हणून.” काजळाचे विचारले तर हसली. मुलीच्या डोळ्यांत काही नव्हते. कानामागे मात्र तीट होती, चांगली रुपयाएवढी. तेवढ्यात पेणची गाडी आली. कंडक्टर ओरडत होता, आणि मुलगी चष्म्यातून लोखंडाच्या ट्रेलरकडे मान वाकडी करून, एकाच डोळ्याने, टक लावून पाहत होती.